पिकअपची रेस वाढते, पण गाडी ओढत नाही? गिअरबॉक्स खोलण्याआधी क्लच तपासा

कांदा किंवा टोमॅटो भरलेली जुनी पिकअप चढाला लागली की एक्सलेटर दाबूनही ओढत नाही. इंजिनचा आवाज वाढतो, वेग मात्र उतरत जातो. थोड्या वेळाने जळका वास येतो. अशा वेळी गाडीवाला म्हणतो, "गिअर स्लिप मारतोय." मग मोबाईलवर व्हिडिओ शोधला जातो. त्यात गिअरबॉक्समध्ये अमुक ऑइल टाका, स्लिप थांबेल, असं दाखवलेलं असतं.

असे बरेच व्हिडिओ परदेशातल्या ऑटोमॅटिक पिकअपचे असतात. नाशिक जिल्ह्यात निफाड, चांदवड, दिंडोरी, कळवण, पेठ या भागांत माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअप हाताने गिअर टाकायच्या आहेत. त्यांच्यात इंजिनची ताकद ऑइलमधून नाही, तर कोरड्या क्लच प्लेटमधून गिअरबॉक्सकडे जाते. त्यामुळे गिअर ऑइल बदलून ही स्लिप जात नाही. गिअर ऑइल कमी असेल तर बेअरिंग आणि दाते खराब होतात, आवाज येतो. पण रेस वाढून गाडी न ओढण्याचं दुखणं जवळपास नेहमी क्लचचं असतं.

क्लच काम कसा करतो?

इंजिनच्या मागे फ्लायव्हील फिरत असतं. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. तिन्ही एकत्र फिरले की ताकद चाकापर्यंत जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग स्प्रिंगला दाबते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते. प्लेटचं लाइनिंग झिजलं, त्यावर ऑइल आलं किंवा स्प्रिंगचा जोर कमी झाला, की पकड सुटते. त्यालाच क्लच स्लिप होणं म्हणतात.

कोणतं दुखणं कशाचं?

- रेस वाढते, वेग वाढत नाही. लोड असताना, वरच्या गिअरमध्ये आधी जाणवतं: क्लच स्लिप.
- पेडल अगदी वर आल्यावर गाडी धरते: प्लेट झिजली असण्याची शक्यता.
- गिअर कडक पडतो, टाकताना करकर आवाज येतो: क्लच पूर्ण सुटत नाही. ही स्लिपच्या उलट बाजू आहे.
- गिअर आपोआप निसटून न्यूट्रल होतो: हे गिअरबॉक्सचं किंवा गिअर लिव्हरच्या जोडणीचं काम.

घरच्या घरी तपासणी

गाडी रिकामी करून सपाट मोकळ्या जागेत लावा. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू नये, लहान मुलं तर अजिबात नको.

इंजिन चालू करून चौथा गिअर टाका. थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं, तर क्लच स्लिप होतोय. ही तपासणी एकदा, फार तर दोनदा करा. पुन्हा पुन्हा केली तर असलेली प्लेटही जळते.

मिस्त्रीने आधी काय बघावं?

१. पेडलचा प्ले. पेडल दाबताना सुरुवातीला थोडं मोकळं जायला हवं. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की हा प्ले संपतो आणि बेअरिंग कायम दाबलेलं राहतं. प्लेट शिल्लक असेल तर नुसत्या अ‍ॅडजस्टमेंटने काम भागतं.

२. केबल. गंजलेली, अडकलेली केबल पेडल पूर्ण परत येऊ देत नाही.

३. हायड्रॉलिक क्लच. पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतोय का ते बघायचं. स्लेव्ह सिलेंडरचा ब्लीडर थोडा सैल केल्यावर स्लिप थांबली, तर दोष सिलेंडरमध्ये किंवा पेडलच्या सेटिंगमध्ये आहे, प्लेटमध्ये नाही. या टाकीत झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल टाकायचं. इंजिन ऑइल टाकलं तर आतली रबरं फुगून खराब होतात.

४. ऑइल गळती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खालून ओलं दिसलं, तर क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील गेलेलं असू शकतं.

या चारही गोष्टी गिअरबॉक्स न उतरवता बघता येतात.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

- क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी सारखीच लागते. नुसती प्लेट टाकून महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग ओरडलं, तर तो खर्च पुन्हा करावा लागतो.
- फ्लायव्हील बघा. निळे डाग, चरे, तडे असतील तर ते घासून घ्यावं किंवा बदलावं लागतं. तडा गेलेलं फ्लायव्हील पुन्हा बसवू नका.
- सील गळत असेल तर तेव्हाच बदला, नाहीतर नवी प्लेटही ऑइलने खराब होईल.
- प्लेटचा आकार मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. सुटे भाग आणताना आरसी किंवा चासी नंबर सोबत ठेवा.
- नव्या प्लेटला ग्रीसचे हात लावू नका.
- घंटीतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा.
- नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. भक्कम स्टँड लावा.

खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या आणि काम झाल्यावर जुने भाग मागून बघा. प्लेट खरोखर झिजली होती का, ते डोळ्यांनी दिसतं.

भरलेल्या गाडीत स्लिप सुरू झाली तर

राहुड घाट, सावळघाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडाचा चढ, अशा ठिकाणी रेस वाढवून गाडी रेटू नका. त्याने प्लेट जळते आणि गाडी मागे येण्याचा धोका असतो. बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, चाकामागे दगड लावा. माल दुसऱ्या गाडीत भरणं हाच खात्रीचा मार्ग. निघताना रस्त्यातला दगड उचलून बाजूला टाका.

उतारावरही धोका आहे. मुंबईकडे माल नेताना कसारा घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो. पण क्लच स्लिप होत असेल तर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. म्हणून स्लिप लक्षात आल्यावर भरलेली गाडी घाटात घालू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं तर चांगल्या गाडीतही घातकच.

क्लच लवकर का जातो?

पेडलवर पाय ठेवून गाडी चालवणं, बाजार समितीच्या रांगेत चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं, काळ्या रानात चिखलात फसलेली गाडी रेस देऊन काढणं आणि जादा लोड, ही नेहमीची कारणं. रांगेत न्यूट्रल करून हँडब्रेक ओढा. फसलेली गाडी ट्रॅक्टर लावून ओढा. जादा लोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर

टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस अशा काही पिकअप ऑटोमॅटिक गिअरमध्येही मिळतात. त्यात मात्र ऑइल हाच पहिला तपास. पातळी कमी असेल तर दाब कमी होऊन गिअर स्लिप होतो. ऑइल काळं पडलं असेल, जळका वास येत असेल किंवा त्यात धातूचा चुरा दिसला, तर आतल्या प्लेटा झिजल्यात. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडशिवाय दुसरं ऑइल टाकू नका. हे काम ऑटोमॅटिकची माहिती असलेल्या वर्कशॉपमध्येच द्या.

टोमॅटो असो की द्राक्ष, सीझनमध्ये माल गाडीसाठी थांबत नाही. म्हणून वरची चौथ्या गिअरची तपासणी सीझन सुरू व्हायच्या आधी, गाडी रिकामी असतानाच करून घ्या.