डॅकची पारख: छापलेले बिट आणि मोजलेले डेसिबल

संगणकातील वा मोबाइलमधील डिजिटल ध्वनीचे ॲनालॉग विद्युत्‌संकेतात रूपांतर करणाऱ्या साधनाला ‘डॅक’ म्हणतात. त्याच्या वेष्टनावर ‘२४ बिट’ वा ‘३२ बिट’ ठळकपणे छापलेले असते. परंतु तो आकडा डॅक स्वीकारत असलेल्या संकेताचा असतो, प्रत्यक्ष अचूकतेचा नव्हे.

अचूकता मोजण्यासाठी डॅकला साधारणतः १ किलोहर्ट्‌झचा शुद्ध स्वर देतात. बाहेर आलेल्या संकेतातून तो स्वर गाळला की गोंगाट व विरूपण उरते. संकेताचे या अवशेषाशी असलेले गुणोत्तर म्हणजे ‘सिनॅड’. ते डेसिबलमध्ये सांगतात. त्यातून १.७६ वजा करून ६.०२ने भागले की प्रत्यक्ष बिट कळतात. १६ बिटांची सैद्धान्तिक मर्यादा सुमारे ९८ डेसिबल, २४ बिटांची १४६. मात्र १२० डेसिबल गाठणारा उत्तम डॅकही २० बिटांच्या आतच राहतो. कारण परिपथातील औष्णिक गोंगाट पूर्णपणे टाळता येत नाही.

सिनॅड हा एका स्वराचा निकाल आहे. जिटर, आंतरमिश्र विरूपण आणि रेषीयता यांच्या चाचण्या वेगळ्या असतात. दोन डॅकची तुलना करताना निर्गम व्होल्टेज व मोजणीचा कंप्रतापट्टा समान आहे ना, हे आधी पाहावे. अन्यथा मोठा आकडाही फसवा ठरतो.