आदिलाबादच्या पडद्यावरची भाषा

1 ऑगस्ट 1975 रोजी अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून ‘साइट’ हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत वर्षभर सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम दिसले. भाषा चार: हिंदी, उडिया, तेलुगू, कन्नड. आंध्र प्रदेशाच्या वाट्याला तेलुगू आली. हैदराबादेतून पाहता त्यात वावगे काही नव्हते. पण आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी, उर्दू, तेलुगू एकाच बाजारात ऐकू येतात. 1956 साली किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले, तरी मराठी बोलणारी गावे इकडेही उरली. शैक्षणिक दूरचित्रवाणीचा इतिहास आपण उपग्रह आणि संच मोजून सांगतो. ती लोकांच्या डोक्यात किती उतरली, हे मात्र भाषेने ठरवले.

आदिलाबादेत ही गोष्ट ‘साइट’च्या तीस वर्षे आधी उमगली होती. 1940 साली गोंडांच्या बंडाचा नेता कुमराम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारला गोंडांची दखल घ्यावी लागली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने 1943 साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. लिहिता-वाचता येणारे जे थोडे गोंड मिळाले ते मराठी शिकलेले, म्हणून गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. आधी घरची भाषा, मग राज्यकारभाराची, हा तिथला क्रम. पोरांना शेवटी तेलुगूच लागणार, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला, असे विचारणाऱ्यांना मारलवाईचा हा क्रमच उत्तर देतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दूरचित्रवाणीने मुळात कोणी शिकते का? ‘साइट’च्या पाहण्यांत मुलांच्या शालेय गुणांत फारसा फरक आढळला नाही, हे खरे. मात्र आरोग्याविषयीची मोठ्यांची माहिती वाढली आणि निरक्षरांना त्याचा लाभ अधिक झाला. ज्याला वाचता येत नाही त्याची सारी भिस्त कानावर. त्यालाच परकी भाषा ऐकवली तर उरते नुसते चित्र. अनेक भाषांच्या खर्चाची सबबही टिकत नाही, कारण एटीएस-6 एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवत होता, तेही 1975 साली!

2020च्या टाळेबंदीत, आदिलाबाद आता ज्या राज्यात आहे त्या तेलंगणाने 1 सप्टेंबरपासून दूरदर्शन यादगिरी आणि राज्य सरकारच्या टी-सॅट वाहिनीवर धडे दिले, मुख्यतः तेलुगूत. त्याआधी जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मराठी मालिका सुरू झाली होती, पण ती महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवर. आदिलाबादच्या मराठी शाळेतल्या मुलाला भाषा पलीकडून मिळाली, अभ्यासक्रम अलीकडून. टी-सॅटने आपल्याच धड्यांना मराठी आणि गोंडी ध्वनिपट्टी जोडावी. त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही.