बालाघाटाच्या पठारावरचा करवानी

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत लांब पायांचा, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा जो शिकारी कुत्रा पिढ्यान् पिढ्या पाळला जातो, त्याला तेथे करवानी म्हणतात. त्याच जातकुळीतील कुत्र्याच्या कानांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असले, तर तो पश्मी ठरतो. हाच कुत्रा कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणून अधिक प्रसिद्ध आहे, कारण मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली आणि त्याची एक जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिली. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये काढलेल्या तिकिटावरही मुधोळचेच नाव आले. मराठवाड्यातील करवानीला असा राजाश्रय लाभला नाही. चाकूर तालुक्यातील जानवळसारख्या गावांत त्याचा वंश राखला तो साध्या पाळणाऱ्यांनी, आणि या कामगिरीची व्हावी तेवढी दखल आजवर घेतली गेलेली नाही.

करवानीचे पूर्वज पश्चिम आणि मध्य आशियातून व्यापारी तांडे व फौजा यांच्याबरोबर दख्खनेत आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. याचा लेखी पुरावा तुटपुंजा असला, तरी सालुकी या अरबी-इराणी शिकारी कुत्र्याशी, विशेषतः पश्मीचे, असलेले साम्य आणि या प्रदेशाचा इतिहास या समजुतीला बळ देतात. लातूर जिल्ह्यातील उदगीरपासून जवळच असलेले बिदर ही पंधराव्या शतकात बहमनी सत्तेची राजधानी होती. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून, विकण्यासाठी आणलेला एक घोडा बरोबर घेऊन, जुन्नरमार्गे तेथेच पोहोचला होता. ज्या वाटांनी अरबी व इराणी घोडे येत, त्याच वाटांनी त्या मुलखातील शिकारी कुत्रेही आले असणे सहज संभवते.

करवानीचा स्वभाव समजण्यासाठी त्याच्या कामाकडे, तेही दुसऱ्या एखाद्या शिकारी कुत्र्याच्या कामाशी तुलना करून, पाहावे लागते. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये पिवळ्या रिट्रिव्हरचा पाण्यात काम करणाऱ्या स्पॅनिअल मादीशी संकर घडवून ज्या गोल्डन रिट्रिव्हरचा पाया घातला, त्याचे काम बंदुकीचा बार झाल्यानंतर सुरू होई: पडलेला पक्षी शोधून, त्याला दात न लावता, धन्याच्या हाती आणून देणे. असा कुत्रा सतत माणसाच्या तोंडाकडे पाहणारा, आज्ञेची वाट पाहणारा आणि परक्यालाही लळा लावणारा निपजला. करवानीला मात्र बंदुकीची गरजच नव्हती. काळ्या रानात दूरवर उठलेला ससा वासाने नव्हे तर नजरेने टिपायचा आणि, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकवून चारही पाय जमिनीवरून उचलणाऱ्या झेपांनी, त्याला गाठायचे, हे त्याचे काम. त्या धावेत हुकूम द्यायला धनी जवळ नसे, म्हणून निर्णय कुत्र्यानेच घ्यायचा असे. त्यामुळे तो घरच्यांशी एकनिष्ठ, पण परक्याचा हात अंगाला लागू न देणारा, अबोल आणि स्वतंत्र वृत्तीचा झाला. रिट्रिव्हरच्या मापाने मोजून त्याला हट्टी किंवा मंद ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर सशाचीही. वन्यजीवांच्या दृष्टीने हे योग्यच झाले, परंतु ज्या कामासाठी हा वंश घडला ते काम त्याबरोबर संपले. आता करवानी शेताची आणि आखाड्याची, म्हणजे शेतावरील वस्तीची, राखण करतो. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात घोडे व गाढवांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही भरते. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याशेजारी कुत्रा असतो आणि खंडोबाला वाहिलेले वाघ्या हे भक्त स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. त्यामुळे या यात्रेत कुत्र्याला मिळणारा मान केवळ हौसेचा नसतो. पाळणारे तेथे आपापले करवानी आणि पश्मी साखळीला धरून उभे असतात, आणि जाणकार त्यांची छाती, कंबर व पंजे निरखून कोणत्या जोडीची पिल्ले घ्यायची ते ठरवतात.