किलिमांजारो आरोहण

किलिमांजारो आरोहण : टांझानियाच्या ईशान्य भागातील किलिमांजारो या आफ्रिकेतील सर्वोच्च पर्वतावर (५,८९५ मी.) वाटाड्यासह केली जाणारी, साधारणतः पाच ते नऊ दिवसांची चढाई. शिरा, मावेन्झी व कीबो या तीन ज्वालामुखी शंकूंपैकी कीबोवरील ऊहुरू हे सर्वोच्च टोक हान्स मायर व लूटव्हिख पुर्टशेलर यांनी १८८९ मध्ये प्रथम सर केले.

१९९१ पासून परवानाधारक वाटाड्या सक्तीचा आहे. आचारी व हमालही सोबत असतात. मारांगू मार्गावर मुक्कामासाठी लाकडी झोपड्या आहेत. माचामे, लेमोशो, रोंगाई इ. मार्गांवर तंबू ठोकतात. वर्षावन, खुरटी झुडपे, उंचावरील वाळवंट व हिम असे पट्टे ओलांडावे लागतात.

नेहमीच्या मार्गांवर दोरखंडाचे कसब लागत नाही. कसोटी लागते ती विरळ हवेत. म्हणून ‘पोले पोले’ (स्वाहिली : हळूहळू) हा वाटाड्यांचा मंत्र. माचामे मार्गावर दिवसा सु. ४,६०० मी.वरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून मुक्कामाला सु. ३,९०० मी.वरील बारांकोला उतरतात. त्यामुळे शरीर सरावते. विरळ हवेचा त्रास बळावल्यास तत्काळ खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय.

माचामे मार्गावर शेवटची चढाई बराफू तळावरून मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. बराफू म्हणजे आपला ‘बर्फ’च, दोन्ही शब्दांचे मूळ फार्सी. थंडीने बाटलीतले पाणी वरून गोठू लागते, म्हणून ती उलटी ठेवतात. सूर्योदयाच्या सुमारास स्टेला पॉइंट (५,७५६ मी.) व पुढे ऊहुरू गाठून म्वेका मार्गाने उतरतात.