मोडीत काढण्यापूर्वीं

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें, म्हणजे तें दुरुस्त करून घ्यावें कीं त्याच्या जागीं नवें आणावें, हा प्रश्न आज प्रत्येक कुटुंबाला पडतो. पैशाचा हिशेब केला म्हणजे तो सुटला, असें आपण समजतों. परंतु या साध्या दिसणाऱ्या निर्णयालाहि इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे असें आढळतें कीं, निर्णय घेणारा मनुष्यच मधल्या काळांत बदलत गेला. एके काळीं हा निर्णय घराच्या ओट्यावर होत असे. पुढें तो कारखानदाराच्या कचेरींत होऊं लागला. आणि अलीकडे कायद्याच्या साहाय्यानें तो पुन्हां घराकडे आणण्याची खटपट चालली आहे. या प्रवासांतील कांहीं टप्पे आज आपण पाहूं.

‘मोडीत काढणें’ हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार भांड्यांच्या व्यवहारांतून आला आहे. तांब्यापितळेचें भांडें फुटलें, तरी त्याचा धातु फुकट जात नसे. कासार तें तोलून घेई आणि मोडीची किंमत नव्या भांड्याच्या किमतींतून वजा करी. तोंपर्यंत मात्र तेंच भांडें वारंवार दुरुस्त होत असे. अशा भांड्यांत ताक, चिंच, आमसूल वगैरे आंबट पदार्थ कळकतात, म्हणून आंतून कथलाचा पातळ थर द्यावा लागे. कल्हईवाला अंगणांत भट्टी मांडी, भात्यानें निखारे फुलवी, तापलेल्या भांड्यांत नवसागर टाकून आंतील मळ काढी आणि कथील लावून तें कापसाच्या बोळ्यानें सर्वत्र फिरवी. हा थर झिजणार, हें सर्वांना आधींच ठाऊक असे. झिजणारा भाग थोडा, टिकणारा भाग मोठा, आणि झिजणारा भाग दारांत बसून बदलतां येण्याजोगा, अशी ती व्यवस्था होती. कल्हई केव्हां करावयाची, डाग केव्हां द्यावयाचा आणि भांडें मोडीला केव्हां घालावयाचें, हें घरांतील वडील बाईमाणूस ठरवी. कारण भांड्याला काय झालें आहे, हें तिला डोळ्यांनीं दिसत असे.

घरोघर पोंचलेल्या यंत्रांमध्यें शिवणाचें यंत्र अगदीं आरंभीचें. अमेरिकेंत आयझॅक सिंगर यांना १८५१ सालीं त्यांच्या यंत्राचें पेटंट मिळालें. यंत्राचे सुटे भाग एकाच मापाचे करावयाचे, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला बसतो, ही पद्धति बंदुकांच्या कारखान्यांत रुजली होती. ती हळूहळू या धंद्यांतहि आली. तिचे दोन परिणाम झाले, आणि ते परस्परविरुद्ध होते. सुई, पट्टा, बॉबिन बदलून तेंच यंत्र पिढ्यानपिढ्या चालवणें शक्य झालें. उलट, नवें यंत्रहि स्वस्त होत गेलें. दुरुस्ती आणि नवी खरेदी या दोघींची आई एकच, असें म्हटलें तरी चालेल.

याच सिंगर कंपनीनें १८५६ सालीं विक्रीच्या दोन युक्त्या काढल्या. एक हप्तेबंदीची. दुसरी अशी कीं, जुनें यंत्र आणून द्यावें आणि नव्याच्या किमतींत पन्नास डॉलरांची सूट घ्यावी. परत आलेलीं यंत्रें दुरुस्त करून विकलीं जात नसत. तीं मोडून टाकीत, कारण जुन्या यंत्रांचा बाजार उभा राहूं नये, हाच हेतु होता. आज सणासुदीला दिसणाऱ्या ‘एक्स्चेंज’ योजना इतक्या जुन्या आहेत. कासाराची मोड आणि ही सूट वरवर सारख्या भासतात; पण कासार धातूची किंमत देत होता, आणि कंपनी जुनी वस्तु वापरांतून नाहींशी करण्याची किंमत देत होती.

यापुढचा टप्पा विजेच्या दिव्याचा. डिसेंबर १९२४ मध्यें जिनीव्हा येथें दिवे तयार करणाऱ्या बड्या कंपन्यांनीं एक संघ स्थापन केला. ऑसराम आणि फिलिप्स या त्यांतील प्रमुख होत. ‘फीबस’ या नांवानें हा संघ इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्यानें बाजारपेठा वांटून घेतल्या, आणि दिव्याचें आयुष्य १,००० तासांवर आणण्याचें ठरविलें. त्यापूर्वीं दीड ते दोन हजार तास जळणारे दिवे मिळत असत. नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षां अधिक टिकणारे दिवे करणाऱ्या सभासदास दंड भरावा लागे! दुसऱ्या महायुद्धाबरोबर हा संघ मोडला.

या गोष्टीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर न्याय होणार नाहीं. दिव्यांतील तार जितकी अधिक तापेल तितका तितक्याच विजेंत अधिक प्रकाश मिळतो, पण तार लवकर तुटते. तार मंद तापविली तर दिवा पुष्कळ टिकतो, पण प्रकाशाच्या मानानें वीज अधिक खातो. म्हणून केवळ दीर्घायुष्य हें दिव्याच्या गुणाचें माप होऊं शकत नाहीं, हा मुद्दा ब्रिटनमधील मक्तेदारी-चौकशी आयोगापुढें आला, आणि १९५१ च्या अहवालांत त्याची दखल घेतली गेली. तेव्हां १,००० तासांचा आंकडा सर्वस्वीं लबाडीचा होता, असें म्हणतां येत नाहीं. आक्षेप निराळाच आहे. ज्याच्या घरांत तो दिवा जळावयाचा, त्याला हा निर्णय कोणी विचारला नाहीं आणि सांगितलाहि नाहीं.

मंदीच्या काळांत तर हा विचार उघडपणें बोलला गेला. न्यूयॉर्कमधील बर्नार्ड लंडन या गृहस्थानें १९३२ सालीं एक पुस्तिका छापली. सरकारनें प्रत्येक वस्तूचें आयुष्य ठरवून द्यावें, तें संपतांच ती कायद्यानें ‘मृत’ समजावी, ती परत घेऊन नष्ट करावी, आणि जो ती वापरीतच राहील त्याच्यावर कर बसवावा, अशी त्याची सूचना होती. त्यामुळें कारखाने चालतील आणि बेकारी हटेल, असा त्याचा तर्क. ही योजना अंमलांत आली नाहीं. उलट दहाच वर्षांनीं युद्धानें तिच्या नेमका उलट धडा दिला. १९४२ सालीं अमेरिकेंत घरगुती रेफ्रिजरेटरांचें उत्पादन थांबविण्यांत आलें. १९४३ सालीं ब्रिटिश सरकारनें, आहे तें सांधून वापरा, असें शिकविणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. जी जुनी वस्तु जपणें मंदींत राष्ट्राच्या आड येणारें ठरत होतें, तेंच युद्धांत राष्ट्रकार्य झालें. निर्णयाचीं कारणें वस्तूंत कमी आणि काळांत अधिक असतात, हें यावरून दिसून येईल.

पुढील बदल हळू आणि मुकाट्यानें झाला. जुन्या रेडिओंतील व्हॉल्व्ह खोबणींत बसविलेले असत, कारण ते जाणार हें गृहीतच होतें. कारागीर गेलेला व्हॉल्व्ह ओढून काढी आणि दुसरा बसवी. १९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा शोध लागला. तो पुष्कळच अधिक टिकाऊ, म्हणून तो डाग देऊन कायमचा जोडण्यांत येऊं लागला. १९५८ पासून असे अनेक घटक एकाच चकतींत सामावूं लागले. रेफ्रिजरेटराचीहि कथा अशीच. १९२७ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें मोटर व दाबयंत्र एका बंद डब्यांत ठेवलेला नमुना बाजारांत आणला. गळती थांबली, कटकट कमी झाली. पण आंत डोकावण्याचा मार्गहि बंद झाला. येथें कोणाचें कपट नव्हतें. मात्र जें क्वचितच बिघडतें, तें बिघडल्यावर उघडतां येत नाहीं, असा हा सौदा होता, आणि सोय पाहून आपण तो पत्करला.

आपल्या देशांत नव्या मालाची चणचण दीर्घ काळ टिकली. भारतांत तयार झालेला रेफ्रिजरेटर गोदरेज कंपनीनें १९५८ सालीं बाजारांत आणला, आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें तो मध्यमवर्गाला चैनीची वस्तु वाटे. त्यामुळें मोटर पुन्हां गुंडाळून देणारे, मिक्सरचें भांडें सांधणारे, पंख्याचा कंडेन्सर बदलणारे कारागीर शहरांच्या गल्लोगल्लीं टिकून राहिले. ही विद्या आपल्या टंचाईनें सांभाळली. समृद्धींत ती हरवूं नये.

तथापि जुनें तें सर्व जपावें, असाहि नियम करतां येत नाहीं. २०१५ सालीं सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेंत ३६ कोटींहून अधिक एल्.ई.डी. दिवे वांटले गेले; जेथें ६० वॅटचा दिवा होता तेथें ९ वॅटचा आला. अशा ठिकाणीं जुना दिवा जपणें ही काटकसर नव्हे. पंख्याचेंच गणित पाहा. जुन्या धाटणीचा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो, नव्या प्रकारचा सुमारें ३०. रोज बारा तास, वर्षांतून तीनशें दिवस पंखा चालला, तर या ४५ वॅटांच्या फरकानें १६२ युनिटें वांचतात. जेथें पंखा अहोरात्र फिरतो तेथें नवा घेणें शहाणपणाचें. पाहुण्यांच्या खोलींत क्वचित् फिरणाऱ्या पंख्याला नवा कंडेन्सरच पुरे.

आतां हा निर्णय घराकडे परत आणण्याचे प्रयत्न पाहूं. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०२१ पासून कांहीं यंत्रांवर, तीं कितपत दुरुस्त होण्याजोगीं आहेत, याचे दहापैकीं गुण छापणें सक्तीचें झालें. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुरुस्तीची माहिती एकत्र देणारें संकेतस्थळ उघडलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं याविषयीं स्वतंत्र निर्देश संमत केला. या सर्वांचें सार एकच: सुटे भाग मिळावे, माहिती मिळावी, आणि यंत्र उघडण्याचा अधिकार त्याच्या मालकाचा असावा.

म्हणून पुढच्या वेळीं एखादें यंत्र बंद पडलें, तर दुकानाकडे वळण्यापूर्वीं तीनच गोष्टी विचाराव्या. बिघडलेला भाग झिजणारा आहे कीं मुख्य? तो मिळतो का, आणि बसविणारा माणूस जवळ आहे का? आणि हें यंत्र चालूं असतांना वीज किती खातें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें अनुकूल असतील आणि तिसऱ्याचें फारसें प्रतिकूल नसेल, तर दुरुस्तीच करावी. या विचारानंतर यंत्र मोडीत काढावें लागलें, तरी हरकत नाहीं. आपल्या आज्याहि भांडीं मोडीत काढीतच होत्या; पण तीं केव्हां काढावयाचीं, हें त्या स्वतः ठरवीत होत्या. तेवढा अधिकार आपण हातचा जाऊं देऊं नये.