तळटीप : ‘से लेबान्ताबा’
* स्पॅनिशमध्ये ‘लेबान्तार’ म्हणजे उठवणे. त्याला ‘से’ जोडला की ‘लेबान्तारसे’, म्हणजे उठणे. मराठी हेच काम उठवणे-उठणे अशा क्रियापदांच्या जोडीने करते, म्हणून अनुवादात ‘स्वतःला’ घालू नये. ‘से लेबान्ताबा’ हा अपूर्ण भूतकाळ आहे, आपल्या रीतिभूतकाळाचा जवळचा सोयरा. हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरची नात आजीबद्दल सांगते, ‘ती तांबडं फुटायच्या आत उठायची, मग कापूस वेचायला जायची.’ यातला ‘उठायची’ तोच. एकाच दिवसाची गोष्ट असेल तर स्पॅनिशमध्ये ‘से लेबान्तो’ आणि मराठीत ‘उठली’. ‘मी’ आणि ‘ती’ या दोघींसाठी क्रियापद ‘लेबान्ताबा’च राहते. ‘मे लेबान्ताबा’ म्हणजे मी, ‘से लेबान्ताबा’ म्हणजे ती किंवा तो. हा भेद त्या छोट्या सर्वनामावरच कळतो, ते गाळून चालत नाही. लिंग मात्र स्पॅनिश क्रियापद सांगत नाही. उठायचा की उठायची, हे अनुवादकाने मागचा मजकूर वाचून ठरवायचे. खरी कसोटी ‘से इबा’ची : ‘निघून जायची’ आणि ‘निघून चालली होती’ हे दोन्ही अर्थ त्यात मावतात. आधी ‘सिएम्प्रे’, म्हणजे नेहमी, असेल तर पहिलाच अर्थ घ्यावा.