चुकीच्या उत्तराला विचारणारा माणूस

व्होल्गाकाठचे काझान हे तातार मुस्लिमांचे जुने शहर. तिथे १९०२ साली एका ज्यू डॉक्टरच्या घरी अलेक्सांद्र लुरिया यांचा जन्म झाला. मेंदूच्या दुखापतींची मानसशास्त्रीय तपासणी ज्यांनी घडवली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते.

१९३१ आणि १९३२ मध्ये ते उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. शेतकऱ्यांना त्यांनी विचारले, ‘उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक गाव त्या मुलखात आहे. तिथली अस्वले कोणत्या रंगाची?’ शाळा न पाहिलेले अनेक जण म्हणत, आम्ही तिकडे गेलो नाही, न पाहिलेले कसे सांगणार? थोडेफार शिकलेले मात्र सहज उत्तर देत. म्हणजे फरक वंशाचा नव्हता, तालमीचा आणि जगण्याच्या रीतीचा होता. तरीही हे संशोधन अल्पसंख्य जमातींना कमी लेखते, असा आरोप झाला आणि पुस्तक थेट १९७४ साली निघाले. मला तर त्या शेतकऱ्यांचे उत्तर मूर्खपणाचे वाटत नाही. न पाहिलेल्याची साक्ष देऊ नये, हे आपल्यालाही शिकवलेलेच आहे.

१९३७ साली लुरिया वैद्यकीय पदवीधरही झाले. दुसऱ्या महायुद्धात उरल भागातल्या रुग्णालयात डोक्याला गोळी लागलेले सैनिक त्यांच्याकडे आले. त्यांच्या चाचण्या साध्या असत. मूठ, हाताची कड, तळहात असे क्रमाने टेबलावर ठेवा. किंवा ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांत फरक काय? आपले पोरही सांगेल, एक चाचा, दुसरे अब्बा. पण झासेत्स्की नावाच्या जखमी सैनिकाला शब्द कळत, त्यांचे नाते जुळत नसे. लुरिया तिथे शून्य गुण देऊन थांबत नसत. नेमकी कोणती कडी तुटली, ती ते शोधत आणि शाबूत कडीच्या आधाराने माणसाला पुन्हा शिकवत.

१९५० च्या सुमारास ज्यूविरोधी वातावरणात त्यांना मेंदू-शस्त्रक्रिया संस्थेतले काम सोडावे लागले. ते मतिमंद ठरवलेल्या मुलांच्या अभ्यासाकडे वळले आणि पुढे परतले. १९७७ साली मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

वर्गात उर्दू-मराठीच्या वह्या तपासताना मला लुरिया आठवतात. आपण लाल शाईने फुली मारतो आणि पान उलटतो. ‘हे पोर मठ्ठ आहे’ असे म्हणण्याआधी एकदा विचारावे, बाळा, हे उत्तर तुला कसे सुचले?